रकाना सातवा

वरच्या मजल्यावर कीटक, तळमजल्यावर सस्तन.
मध्ये एकोणीस पायऱ्या.
पन्नास कोटींहून जास्त वर्षांचं अंतर
मी रोज दोनदा चढते-उतरते,
हातात डिंकाची बाटली आणि चिठ्ठ्यांचा डबा.

वरची चिठ्ठी:
संघ संधिपाद, वर्ग कीटक, गण ऋजुपक्ष.
पाय सहा. सांगाडा अंगाबाहेर, चिलखतासारखा.
कान पुढच्या पायांत, गुडघ्याखाली.

खालची चिठ्ठी:
संघ रज्जुमान, वर्ग सस्तन.
गण खोडलेला आहे, तीन वेगळ्या शाईंत;
पुस्तकं बदलली, जनावर तेच राहिलं.
सांगाडा आत. रक्त ऊन. पिलांना दूध.

इकडे सिरेत नदीच्या काठाला मात्र
एकीला म्हणतात कोरोपिश्नित्सा, दुसरीला कर्तित्सा.
एकाच सुरात संपणारी नावं,
चुलतबहिणींना शोभावीत अशी.
माझी आई दोघींना एका दमात शिव्या घालायची,
बटाट्याच्या वाफ्यात उभी राहून, मुळं कुणी कुरतडली
आणि मातीचे ढीग कुणी उपसले
हे वेगळं करायला तिला सवड नव्हती.

आणि पंजे.
आधी मला ते दिसलेच नव्हते, रकानेच दिसायचे.
मग एका हिवाळ्यात छत गळलं, ट्रे खाली आणावे लागले,
आणि ती दोघं एका टेबलावर शेजारी आली.
तेच रुंद फावडं, तेच बाहेर वळलेलं मनगट.
एकाचं हाडामांसाचं, नखांचं, त्यात एक जादा खोटा अंगठा.
दुसऱ्याचं नुसतं कवच, काठाला चार दात.
दोघांच्या अंगावर मखमल.
कुणी कुणाचं पाहून शिकलं नाही.
मातीनंच दोघांना दटावून सांगितलं असणार:
यायचं तर असे हात घेऊन या.

माझे वडील, तोआदेर, कुरणांत चर खणायचे.
चाळीस वर्षं. पाणथळ जमीन कोरडी करायची,
म्हणजे तिथे बटाटा लावता येतो,
म्हणजे कोरोपिश्नित्सा येते.
ते बिळात साबणाचं पाणी ओतायचे
आणि ती वर यायची, भिजून, रागावून.
एकदा अंड्यांवर बसलेली सापडली,
अंडी चाटत होती. वडिलांनी ढेकूळ पुन्हा झाकलं.
आईला सांगितलं, इथे काही नाही.

मार्चमध्ये नास्तासिया वर्तमानपत्रात गुंडाळून
एक कर्तित्सा घेऊन आली.
मांजरीनं मारलेली, पण तोंड न लावलेली;
मांजरींना हिचा वास खपत नाही.
पेंढा भरण्याआधी मी पोट उघडलं.
गांडुळांचा करडा लगदा,
आणि त्यात अखंड, स्वच्छ, जणू धुऊन ठेवलेला
एक पाय. चार दात. फावडं.

ह्रित्सकू साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
‘कीटक. वर ने.’
मी पायऱ्यांपर्यंत गेले.
नवव्या पायरीवर बसले,
गुडघ्यावर चिठ्ठी धरून भरायला लागले:
संघ, वर्ग, गण. सगळं पाठ आहे.
सापडल्याची तारीख. सापडवणारी: नास्तासियाची मांजर.
(हे ते खोडतील.)

सातवा रकाना: अधिवास.
‘ओलसर, भुसभुशीत जमीन’ असं छापील उत्तर आहे,
दोन्ही मजल्यांना चालणारं.
पण हा पाय जमिनीत नव्हता सापडला.
काळोखात खणणाऱ्या एका हाताला
काळोखात खणणारा दुसरा हात लागला,
आणि त्यांची ओळख झाली नाही.

मी लिहिलं: कर्तित्सेचं पोट, सिरेतचा डावा काठ.
शाई वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले.
वर कुणीतरी खिडकी लावत होतं.